चालू असलेल्या अ‍ॅपमध्ये लॉगिन आणि रोल बसवले – माझा अनुभव

आमच्या टीमचं एक छोटं वेब अ‍ॅप आहे, खर्चाची बिलं टाकायचं. कर्मचारी बिल टाकतो, त्याचा मॅनेजर मंजूर करतो आणि मग अकाउंट्सवाले पैसे देतात, एवढंच. आधी ते फक्त आतल्या नेटवर्कवर चालायचं म्हणून लॉगिन नव्हतंच, नाव टाइप करायचं, बिल अपलोड करायचं, झालं. मग ते बाहेरून पण उघडलं पाहिजे असं ठरलं आणि लॉगिन आणि रोलचं (म्हणजे कोणाला काय करता येईल ते ठरवायचं) काम माझ्याकडे आलं. कोणाला असंच काम करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

लॉगिनचा भाग पटकन झाला, कारण अ‍ॅप जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आहे आणि त्यात बहुतेक सगळं तयार मिळतं. पासवर्ड हॅशिंग (पासवर्ड परत वाचता येणार नाही अशा रूपात साठवणं), सेशन (कोण लॉगिन आहे हे सर्व्हरने लक्षात ठेवणं) वगैरे स्वतः लिहायच्या भानगडीत पडूच नका. हॅशिंगची डिफॉल्ट पद्धत पीबीकेडीएफ२ आहे, आम्ही आर्गॉन२ वर टाकला (२०१५ च्या पासवर्ड हॅशिंग कॉम्पिटिशनमध्ये हाच जिंकला होता), एक पॅकेज आणि सेटिंगमध्ये एक ओळ. लॉगिन झाल्यावर सेशनची की बदलणं, पासवर्ड बदलला की बाकीच्या डिव्हाइसवरचं सेशन बंद होणं, हे फ्रेमवर्क स्वतःच करतं. कुकी फक्त एचटीटीपीएसवर जावी ही सेटिंग मात्र आपण चालू करावी लागते. आणि चुकीचा पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी जँगो स्वतःहून थांबवत नाही, त्यासाठी वेगळं पॅकेज लावलं. पासवर्ड रिसेटची लिंक डिफॉल्टने ३ दिवस चालते, मला ते फार वाटलं, १ तासावर आणली.

टीममध्ये एकाने सेशनऐवजी जेडब्ल्यूटी सुचवलं होतं, म्हणजे युजरची माहिती सही केलेल्या टोकनमध्ये लिहून त्यालाच द्यायची. मी नको म्हटलं. टोकनमध्ये रोल लिहून दिला की तो टोकन संपेपर्यंत तसाच राहतो, म्हणजे एखाद्याचं मॅनेजरपद आज काढलं तरी जुन्या टोकनवर तो बिलं मंजूर करत राहू शकतो. ते टाळायचं तर परत सर्व्हरवर यादी ठेवा, मग साधं सेशन काय वाईट. सेशनमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला युजर डेटाबेसमधून येतो, रोल काढला की पुढच्या क्लिकला गेला. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं पण डिलीट करत नाही, इनअ‍ॅक्टिव्ह करतो, तो पुढच्याच रिक्वेस्टला बाहेर पडतो आणि त्याची जुनी बिलं जागेवर राहतात.

खरी मेहनत गेली जुन्या डेटात. आधी नाव हाताने टाइप केलेलं असायचं, त्यामुळे एकाच माणसाची नावं तीन-चार प्रकारे, कुठे फक्त आडनाव, कुठे आधी आडनाव मग नाव. आता प्रत्येक बिलाला मालक हवा, नाहीतर कोणाला काय दिसावं हे ठरवणार कसं. नावांची यादी काढून अकाउंट्सबरोबर बसून एकेक जुळवली, जी जुळलीच नाहीत ती फक्त अकाउंट्सला दिसतील अशी ठेवली. अंदाजाने कोणाच्या नावावर टाकायची नाहीत यावर मी अडून बसलो, कारण पैशाचं रेकॉर्ड आहे.

मग रोल. कोड लिहायच्या आधी एक साधा तक्ता केला, उभे रोल, आडवी कामं: बिल टाकणे, बघणे, मंजूर करणे, पैसे दिले अशी खूण करणे, एक्सपोर्ट, युजर बनवणे. तो सगळ्यांसमोर ठेवल्यावर असे प्रश्न निघाले जे कोणाच्या डोक्यात नव्हते. मॅनेजर सुट्टीवर असला तर कोण मंजूर करणार? अ‍ॅडमिनला बिलांच्या रकमा दिसायची गरज आहे का? (नाही, त्याचं काम खाती सांभाळायचं.) ही चर्चा कोडच्या आधी झाली म्हणून बरं, नंतर हे निस्तरायला खूप लागलं असतं.

कोडमध्ये कुठेही 'हा मॅनेजर आहे का' असं विचारलेलं नाही, 'याला मंजुरीची परवानगी आहे का' असं विचारलंय. रोल म्हणजे फक्त परवानग्यांचा गठ्ठा, जँगोत त्याला ग्रुप म्हणतात. त्यामुळे सुट्टीतला बदली माणूस हा नवा रोल आला तेव्हा एक ग्रुप बनवला, कोड तसाच.

पण नुसत्या रोलने भागत नाही आणि मला वाटतं इथेच बहुतेक अ‍ॅप उघडी राहतात. मॅनेजरला मंजुरीचा अधिकार आहे, मान्य, पण कोणाच्या बिलाला? फक्त स्वतःच्या टीमच्या. आणि स्वतःचं बिल स्वतः मंजूर करायचं नाही, कोणीच नाही. हे रोलच्या तक्त्यात मावत नाही, प्रत्येक बिलावर वेगळं तपासावं लागतं. त्यात जँगोची एक गोष्ट लक्षात ठेवा, सुपरयुजरला कुठलीही परवानगी विचारली तरी उत्तर 'हो' येतं. म्हणून रोजच्या कामाला सुपरयुजर कोणालाच दिला नाही, अ‍ॅडमिन हा पण साधा ग्रुप आहे, आणि स्वतःच्या बिलाचा नियम परवानगीच्या बाहेर वेगळा लिहिला.

यूआरएलमधला बिल नंबर बदलून दुसऱ्याचं बिल उघडणं हा तर सगळ्यात सोपा हल्ला. त्यासाठी बिल शोधायची क्वेरीच युजरप्रमाणे गाळलेली ठेवली, त्याच्या यादीत नसेल तर सरळ ४०४ ('पान सापडलं नाही'). बटण लपवणं हे फक्त दिसायला, तपासणी सर्व्हरवरच. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या २०२१ च्या टॉप १० यादीत तुटका अ‍ॅक्सेस कंट्रोल (ज्याला जे दिसायला नको ते दिसणं) पहिल्या नंबरवर होता, २०१७ मध्ये पाचवा होता, आणि काम करताना कळतं का ते. पानं सगळी बंद केली तरी बिलांचे फोटो वेगळ्या फोल्डरमधून वेब सर्व्हर थेट देत होता, लिंक माहीत असेल तर लॉगिनशिवाय उघडायचे. ते पण आता जँगोकडूनच तपासून जातात. एक्सपोर्टची फाइल पण तशीच बघून घ्या, यादी गाळलेली आणि एक्सपोर्ट सगळ्यांचं असं सहज होतं.

जँगो ५.१ पासून एक मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट पानापर्यंत पोचायच्या आधी ज्यातून जाते तो कोड) आहे, तो लावला की प्रत्येक पानाला लॉगिन लागतं आणि जी उघडी हवीत तेवढ्यांवरच तसं लिहायचं. हे मला फार आवडलं. त्याच्या जोडीला टेस्ट लिहिली: प्रत्येक यूआरएल, प्रत्येक रोलने आणि लॉगिनशिवाय उघडून बघते, तक्त्याशी जुळलं नाही तर फेल, आणि नवीन यूआरएल तक्त्यात नसेल तरी फेल. म्हणजे पुढे कोणी नवीन पान टाकलं तर ते कोणाला दिसावं हे लिहिल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही.

लाइव्ह करताना आधी नुसतं लॉगिन चालू केलं, सगळे आत येतायत हे बघितलं, मग रोल लावले. दोन्ही एकदम केलं असतं तर कोणाचं नेमकं काय अडलंय ते समजलं नसतं. आता अकाउंट्स आणि अ‍ॅडमिनसाठी टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख तपासणी) राहिलंय, ते पुढच्या रिलीजला.