उपड्या कणग्या

परवा भर दुपारी मुंबईत, दादरच्या गोखले रोडवर बसची वाट बघत उभा होतो. बस येईना, ऊन हटेना. शेवटी सावलीसाठी पोर्तुगीज चर्चच्या आवारात शिरलो.

या स्टॉपनं लहानपणी मला फसवलंय. कंडक्टर ‘पोर्तुगीज चर्च!’ असं ओरडला की डोळ्यांपुढे वसईचा किल्ला यायचा. पडक्या कमानी, काळा दगड, झालंच तर एखादी तोफ. वाकून बघावं तर काँक्रीटचे उंच निमुळते घुमट! मूळ चर्च 1596 चं, पण ही इमारत 1970च्या दशकातली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. पोर्तुगीज काय ते नाव.

राजापूरहून आलेली आत्या ते पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "धान्याच्या कणग्या उपड्या घातल्यात की काय रे?" पुढे कधीतरी कुठेसं वाचून मी तिला ऐकवलं, की गरम हवा वर चढून बाहेर पडावी म्हणून ते घुमट वरून उघडे ठेवलेत. "म्हणजे धुरांडंच की," म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

तेव्हापासून मला या काँक्रीटचा नाद आहे. जहांगीर आर्ट गॅलरीत (1952) आतली चित्रं मला बेताचीच कळतात. मी जातो तो दारावरच्या लाटालाटांच्या छज्ज्याखाली उभा राहायला, त्यातही पावसात. सरकारी कचेरीत रांग हलत नसली की मोझॅकच्या लादीतल्या खड्यांत चेहरे शोधतो. एका लादीत तर हुबेहूब आमचे गणिताचे सर सापडले होते. माझा नंबर गेला.

2018 साली युनेस्कोनं इथल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटलं, छान झालं. त्यांच्या मागून आलेल्या या काँक्रीटच्या इमारतींना मात्र लोक अजून ‘जुनाट’ म्हणतात. जुनं व्हायलाही वय लागतं बहुधा.

आमची सोसायटी त्याच वयाची. जिन्याला सिमेंटची जाळी आहे. संध्याकाळी तिची नक्षी पायऱ्यांवरून घसरत खाली उतरते. पुनर्विकासाच्या सभेत मी विचारलं, "ती जाळी ठेवता येईल का?" बिल्डरचा माणूस हसला. मग पार्किंगचा विषय निघाला. घरटी दोन गाड्यांची जागा कोणाकोणाला हवी, असं सेक्रेटरींनी विचारलं.

मीही हात वर केला.