ताग शेंगेवर गेला आणि मका पिवळा पडला

रोटरच्या पात्यांना तागाची साल गुंडाळून बसलेली, ट्रॅक्टरवाला विळा घेऊन खाली वाकून ती कापतोय, शिव्या देतोय, आणि आमचे आबा बांधावर उभं राहून म्हणतायत, "आता त्याचा कासरा वळ की रं, खत कशाला करतोयस." ही गेल्या साली जुलैमधली गोष्ट. तेव्हा मी पण हसलो. मका वीस दिवसांचा झाला तेव्हा हसू गेलं.

आमचं रान कडेगाव तालुक्यात, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर. एक एकराचा तुकडा आहे, मध्यम काळं रान, तिथं ऊस मोडून मका घ्यायचं ठरवलं होतं आणि मक्याआधी ताग (गोणपाटाचा ज्यूट नव्हे, हिरवळीच्या खताचा) करून गाडायचा म्हणजे जमिनीला जरा जीव येईल असा विचार. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) मिळालं तसं मेच्या पहिल्या आठवड्यात २५ किलो बी फोकलं. ताग काय झकास आला, जूनअखेर छातीला लागला, पिवळ्या कळ्या दिसायला लागल्या. गाडायची वेळ तीच होती. पण पावसानं वाफसा, म्हणजे औत चालेल एवढी सुकलेली माती, दिलाच नाही, आणि वाफसा झाला तर रोटरवाला आज येतो उद्या येतो करत राहिला, त्याची तरी काय चूक म्हणा, सगळ्या गावाला एकदमच रोटर पाहिजे असतो. ताग ७३ दिवसांचा झाला. शेंगा धरल्या. खालचं खोड वाकवलं तर मोडत नव्हतं, नुसती साल सुटून यायची, तीच ती रोटरला गुंडाळली. आणि मला मका लावायची घाई, उशीर झालेलाच, म्हणून गाडल्यावर चौथ्या दिवशी टोकण केली, म्हणजे हातानं दाणे लावले.

मका उगवला चांगला. पंधराव्या दिवसापासून फिकट, विसाव्या दिवशी खालची पानं पिवळी. शेजारचा मका ज्याच्यात काहीच गाडलं नव्हतं तो हिरवागार आणि आमचा हिरवळीचं खत खाऊन पिवळा, म्हणजे बघा. दुकानात विचारलं तर झिंक कमी आहे म्हणून एक पुडी आणि बरोबर एक टॉनिकची बाटली हातात दिली, मी पण मुकाट घेऊन आलो. पान नीट बघितलंच नव्हतं ना मी! झिंक कमी असलं तर ते वरच्या कोवळ्या पानावर दिसतं, शिरेच्या दोन्ही अंगाला पांढरट पट्टा. आमच्यात वरची पानं ठीक होती, खालची पिवळी, आणि पिवळेपणा पानाच्या टोकापासून मधल्या शिरेनं आत घुसलेला, अगदी इंग्रजी व्ही काढल्यासारखा. ते नत्र (नायट्रोजन) कमी असल्याचं लक्षण. मक्याला नत्र कमी पडलं की तो खालच्या जुन्या पानातलं काढून वरच्या पानाला देतो, म्हणून आधी खाली पिवळं पडतं. टॉनिकची बाटली अजून गोठ्यात आहे.

मग प्रश्न असा की ताग नत्र देतो म्हणतात तर मक्याला नत्र कमी कसं पडलं?

याचं उत्तर मला पाचटात, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यात सापडलं. ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको, पाचट कुट्टी करून सरीत ठेवलं की त्याच्यावर आपण युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतो, का टाकतो? कारण पाचट कुजवणारे जे जिवाणू असतात त्यांना पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर मिळतो पण नत्र मिळत नाही, आणि नत्राशिवाय त्यांचं अंग भरत नाही, मग ते जमिनीतलं नत्र ओढतात. पिकाच्या तोंडचं काढून घेतात म्हणा ना. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ला १ च्या आत असलं तर कुजताना नत्र मोकळं होतं, त्याच्या वर गेलं की उलटं, आधी जिवाणू खाणार, त्यांचं पोट भरून ते मरायला लागले की मग पिकाला. कोवळा ताग २० च्या आसपास बसतो. गव्हाचं काड ८० च्या घरात, पाचट त्याच्याही वर. आणि ७३ दिवसांचा, दोरखंडासारखा झालेला माझा ताग? पाला पाल्यासारखा होता पण खोडाचं पाचट झालेलं. म्हणजे मी मक्याआधी एक एकर पाचट गाडलं आणि वर युरिया न टाकता चौथ्या दिवशी मका लावला. आबांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, "तागाला शेंग बघू द्यायची नसती." मला त्याच्यामागचं कारण कळायला एक हंगाम गेला.

नत्र कुठं गेलं नव्हतं, जमिनीतच होतं, अडकून पडलेलं. चाळिसाव्या दिवसानंतर मका आपोआप काळपट हिरवा व्हायला लागला, तुरा येईपर्यंत कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं की हा पिवळा होता. पण मका गुडघ्याला आल्यापासून तुऱ्यापर्यंत सगळ्यात जास्त नत्र ओढतो आणि कणसात किती ओळी, किती दाणे हे पण त्याच सुमारास ठरतं. तेव्हाची उपासमार नंतर भरून निघत नाही. टोकं भरलीच नाहीत कणसांची.

ह्या वर्षी १२ मेला ताग टाकला आणि रोटरवाल्याला त्याच दिवशी २७ जूनची तारीख देऊन ठेवली, इसार पण दिला. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी सहज दोन झाडं मुळासकट उपटली, माती झटकली, गाठी होत्या भरपूर. एक गाठ नखानं फोडली तर आत मांसासारखी लालसर. ती लाल असली म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत, हवेतलं नत्र धरतायत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसती गाठ आहे, काम बंद. पोरगं बघत होतं, म्हणलं, "पप्पा, रक्त आहे का?" रक्त नाही पण त्याच्या जवळचंच काहीतरी आहे खरं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद.

गाडायच्या आदल्या दिवशी मी अजून एक उद्योग केला. चार काठ्या रोवून एक मीटर बाय एक मीटर चौकोन केला, त्यातला ताग कापून डेअरीच्या काट्यावर तोलला. तीन ठिकाणी केलं, सरासरी १ किलो ७०० ग्रॅम. एकराचे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ७ टन ओला ताग. ओल्या तागात नत्र अर्ध्या टक्क्याच्या जरा खाली धरतात, ०.४३ टक्के. झालं ३० किलो नत्र. त्यातलं पहिल्या पिकाला निम्मं मिळालं तरी खूप, बाकीचं सावकाश. म्हणजे १५ किलो. युरियाचं ४५ किलोचं पोतं, ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. एवढी सगळी उठाठेव करून हातात काय आलं तर पाऊण पोतं युरिया!

आणि युरियाचं पोतं मिळतं २६६ रुपये ५० पैशाला. तागाचं बी, रोटर, पाणी याच्यात त्याच्या कितीतरी पट गेले. म्हणून कुणी "ताग करा, युरिया बंद करा" असा व्हिडिओ टाकला की मला राग येतो. वर अजून एक, ते ३० किलो पण सगळं हवेतलं नसतं, ताग जमिनीत शिल्लक असलेलं नत्र पण उचलतो. ते काय वाया नाही, ती जमीन मोकळी असती तर पहिल्या मोठ्या पावसात तेच नत्र पाण्याबरोबर खाली गेलं असतं, तागानं ते वर धरून ठेवलं. अमेरिकेत आयोवा, इलिनॉयकडं मक्याचा पट्टा आहे ना, तिथं काही शेतकरी ह्याच कामासाठी हिवाळ्यात राय पेरतात (आपली राई-मोहरी नव्हे, गव्हासारखं तृणधान्य) आणि त्यांचं पण दुखणं तेच, राय जास्त वाढू दिली आणि लगेच मका पेरला की मका पिवळा. म्हणून तिथं मका पेरायच्या दहा-चौदा दिवस आधी राय मारतात. सातासमुद्रापार बसून तीच चूक करतात लोक, मला जरा बरं वाटलं.

असो. २७ जूनला ४६ दिवसांचा ताग गाडला. रोटर एकदाही अडकला नाही. मग १६ दिवस थांबलो आणि हे थांबणं लई जड जातं, शेजारी सगळे टोकण करून मोकळे आणि आपलं रान तसंच, येणारा जाणारा विचारतोय "काय, ठेवलंय व्हय पडीक?" दहाव्या दिवशी माती उकरून बघितली तर पाला ओळखू येत नव्हता, खोडाचे तुकडे बोटात दाबले की चिरडायचे. १३ जुलैला टोकण.

डोसचा हिशोब असा केला. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र सांगतात, एकरी ४८. लावताना दोन पोती दहा-सव्वीस-सव्वीस (दहा टक्के नत्राचं मिश्रखत) दिलं, त्यात १० किलो आलं. राहिले ३८, त्यातून तागाचे १५ वजा, राहिले २३, म्हणजे युरियाचं एक पोतं आणि वर पाच किलो. अर्धं पोतं पंचविसाव्या दिवशी, भांगलण (खुरपणी) झाल्यावर, उरलेलं बेचाळिसाव्या दिवशी. दोन्ही वेळेला ओळीच्या कडेनं देऊन मातीआड केलं. पहिला डोस मुद्दाम शून्य केला नाही, कारण कोवळा ताग असला तरी सुरुवातीचे काही दिवस जिवाणूच जेवणार.

मका ह्या वेळी पिवळा पडला नाही. लष्करी अळीनं पोंगे खाल्ले ते खाल्लेच, तिला काय ताग आणि युरिया. गेल्या साली एकरी २१ क्विंटल झाला होता, यंदा वाळवून २८ भरला. सगळं श्रेय तागाला देत नाही मी, गेल्या साली टोकणीला पण दहा-बारा दिवस उशीर होता आणि पाऊस पण वेगळा होता.

मग पाऊण पोत्यासाठी एवढं का करायचं? मला जे दिसलं ते सांगतो. सप्टेंबरात मध्येच पावसानं ताण दिला, शेजारच्या मक्याची पानं दुपारी गुंडाळायची, आमच्याची चार दिवस उशिरा गुंडाळली. काढणीनंतर नांगर लागला तेव्हा ढेकळं कमी निघाली. आणि जुलैत युरियासाठी रांग लागली होती तेव्हा मला एकच पोतं पाहिजे होतं. पण हे ज्याच्याकडं मेमध्ये पाणी आहे त्याच्यासाठी. आटपाडीकडच्या आमच्या पाहुण्यांनी विचारलं तर मी सरळ नको म्हणलं, आवर्तनाचा भरवसा नसेल तर जी ओल मक्याला पाहिजे तीच ताग पिऊन टाकणार.

पुढच्या मेला वरच्या पट्टीत परत ताग, आणि ओढ्याकडच्या खालच्या दहा गुंठ्यात जिथं पाणी साचतं तिथं धैंचा (तागासारखंच हिरवळीचं खत) टाकून बघणार आहे, त्याला पाय ओले चालतात. मधे चार ओळींची पट्टी काहीच न पेरता सोडायची आहे, तुलना करायला. आबांना सांगितलं तर म्हणले, "पट्टी सोड नाहीतर पट्टा सोड, रोटरवाल्याला आधी फोन कर."