तान्ह्या पोळ्याची साठी

कागदोपत्री माझा वाढदिवस 1 जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना ही एकच तारीख वाटली होती. तिच्या जोरावर 31 मे रोजी निवृत्त झालो, शाल-श्रीफळही घेतलं. पण आई म्हणायची, "तू तान्ह्या पोळ्याचा. दारात पोट्टे लाकडाचे बैल घेऊन उभे, अन् इकडं तू रडला."

त्यामुळे साठी करायची ती तान्ह्या पोळ्यालाच, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला. मुलांना अमरावतीत हॉल घ्यायचा होता, चौकात फोटोवालं बॅनर लावायचं होतं. मी म्हटलं, जिवंतपणी नको. पुतण्याची गाडी घेतली आणि आम्ही तिघं चिखलदऱ्याला निघालो. सौ.नं रात्री जागून कणकेचे साठ दिवे करून ते स्टीलच्या डब्यात भरले होते. डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

परतवाडा सोडलं, धामणगाव गढी मागं पडलं आणि घाट लागला. खाली वऱ्हाडाची कापसाची काळी सपाट जमीन, वर गाविलगडचे डोंगर, मध्ये उतरण अशी नाहीच. जमीन एकदम उभी राहते. दोन वळणांनंतर काच खाली केली तर ओल्या सागाचा वास आत आला. मोथ्याला थांबून गवळ्याकडची रबडी खाल्ली. केक कापायचा नव्हताच. गाविलगड हे नावच मुळी या गवळ्यांचं, तेव्हा त्यांच्या हातचं गोड खाल्लं म्हणजे मान पोचला.

भीमकुंडावर पोचलो तर दरी नाही! कठडा होता, कठड्यापलीकडे पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यातून पाणी कोसळल्याचा आवाज येत होता. भीमानं कीचकाला मारून इथंच फेकलं, त्या कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, असं इथं कोणीही सांगतं. सौ. वाकून बघत म्हणाली, "एवढ्या खोल फेकाले जीव लागते हो." मग ताट काढलं. निरांजनाची वात तीनदा विझली, काडेपेटी सर्दावली, पुतण्यानं छत्री आडवी धरली तर वाऱ्यानं छत्रीच उलटी केली. डबा परत बंद झाला आणि सौ.चं तोंडही.

दहा मिनिटांनी ढग फाटला. आधी समोरच्या कड्याचा एक काळा पट्टा दिसला, त्याखाली गवताची हिरवी पायरी, पुन्हा काळा पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर, एकावर एक रचलेले, अन् प्रत्येक पायरीवरून पाण्याची धार उडी मारत होती. खाली तळ काही दिसला नाही. मी थर मोजायला लागलो, सातापर्यंत आलो आणि पुन्हा पांढरं.

गाविलगडावर मात्र दुपारी उघाड मिळाली. किल्ले खरं तर दोन, बाहेरचा आणि आतला, आणि मध्ये घळ. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं तोफांनी बाहेरची भिंत फोडली, पण आतला किल्ला पुढं उभाच. शेवटी 94व्या पलटणीच्या तुकडीनं शिड्या लावल्या आणि आत शिरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग त्या लढाईत पडला. शाळेत हे दोन ओळींत वाचलं होतं. घळीच्या काठाशी उभं राहिल्यावर माझे पाय लटपटले. तो मान मी वयाला देणार नाही, शेवाळ होतं.

उतरताना संध्याकाळ झाली. पायथ्याच्या एका गावात चहाच्या टपरीशी थांबलो. शेजारच्या ओसरीवर वारा नव्हता. सौ.नं घरमालकिणीला विचारलं, तिनं "बसा न जी, आपलंच घर हाय" म्हणत पाटच आणून दिला. ओळीनं साठ दिवे मांडले. बारा-तेरा चिरडले होते, तेही लावले. उजेड पाहून गल्लीतली पोरं धावत आली, प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला चाकांचा लाकडी नंदी, शिंगांना बेगड. त्यांनी आपापले बैल दिव्यांपुढं नीट ओळीत उभे केले.

सौ. ताट घेऊन माझ्याकडं वळली तसा सगळ्यात लहानगा आडवा आला.

"आजी, आधी बैलाईले ओवाळा न, मंग आबाजीले!"

सौ. सकाळपासून पहिल्यांदा हसली. तिनं बैलांना ओवाळलं, मग मला. माझ्या कपाळावर कुंकू टेकतं न टेकतं तोच पोरानं माझ्यापुढं हात पसरला, "आबाजी, बोजारा?"

दहा-दहाच्या नोटा मोजल्या. अकरा बैल होते.