साडेसोळा मिलिमीटर

परवा दुपारी, कित्येक वर्षे छपाईबाहेर असलेल्या आणि आता पीडीएफच्या रूपात पुन्हा विकत मिळू लागलेल्या एका अमेरिकन पुस्तकाचे एक पान मी छापले आणि सवयीने त्यावर स्टीलची पट्टी ठेवली. पुस्तक छोट्या आगगाड्यांचे, आणि पान सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या, आराखड्याचे होते. कागद सरळ फळीवर चिकटवून त्याच्यावरच रूळ बसवता यावेत, म्हणून तो मूळ आकारात काढलेला असतो. एचओ मापाच्या, म्हणजे खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाडीला दोन रुळांमध्ये 16.5 मिलिमीटर अंतर लागते. माझ्या कागदावर ते जेमतेम 16 भरले. अमेरिकन पान 216 मिलिमीटर रुंद, आपले ए-फोर 210. प्रिंटरने सगळे मावावे म्हणून परस्पर आराखडा आकसून घेतला होता. या रुळांवर डबा चढणारच नाही.

लहानपणी वडील फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून अशी पुस्तके रद्दीच्या भावात आणत. आमच्या दोन खोल्यांत आगगाडी मांडण्याइतकी जागा कधीच नव्हती, त्यामुळे आराखड्यावरून बोट फिरवणे हाच आमचा प्रवास होता, आणि चढ आला की बोटाचा वेग कमी करायचा, हा माझा नियम होता. एका जोडपानावरचे मालधक्क्याचे यार्ड नेमके शिलाईच्या घडीत गेले होते. वडिलांनी सुरीच्या टोकाने पिना उचकटल्या, पान सपाट पसरले, मला हवे तितका वेळ पाहू दिले आणि पिना पुन्हा वळवून बसवल्या. पीडीएफमध्ये तशाच एका यार्डाच्या जागी घडीची काळी सावली आहे, आणि तिला उचकटायला पिना नाहीत. छायाचित्रांचीही तीच गत: छपाईच्या ठिपक्यांवर स्कॅनरचे ठिपके बसल्यामुळे इंजिनाच्या धुरात जाळी उमटलेली दिसते.

तरीही तक्रार करायला जीभ रेटत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथे जॉन अॅलन यांनी घराच्या तळघरात वर्षानुवर्षे खपून उभारलेली डोंगरदऱ्यांची छोटी रेल्वे, जानेवारी 1973 मध्ये ते गेल्यानंतर काही दिवसांतच आगीत नष्ट झाली. तिच्यावरचे लिन वेस्टकॉट यांचे पुस्तक 1981 साली निघाले, तेव्हा वेस्टकॉटही हयात नव्हते. पुढे ते पुस्तकही छपाईबाहेर गेले आणि जुन्या प्रतींच्या किमती माझ्यासारख्याच्या आवाक्यात राहिल्या नाहीत. आग नसली तरी या छंदातल्या बहुतेक मांडण्या मालक गेल्यावर, किंवा नुसते घर बदलले तरी, मोडून टाकल्या जातात. मग ती रेल्वे जिथे उरते ती जागा पुस्तकच, आणि ते धूसर असले तरी मला चालते.

प्रिंटरला शेवटी शंभर टक्के आकाराची आज्ञा दिली. अंतर 16.5 आले, अगदी काटेकोर. मात्र कागदाला न मावलेला उजवा काठ गेला आणि त्याबरोबर सांध्यातून बाहेर पडणाऱ्या फाट्याचे टोकही गेले. तो फाटा पुढे कुठे जातो, हे आता फळीवर मलाच ठरवावे लागेल. फळी अजून आणलेली नाही.