शुक्रवारी जाऊ नका : नागपूरहून जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये

आधीच सांगते, जुन्या गोव्याला शुक्रवारी जाऊ नका. चर्च उघडी असतात, पण सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद. आणि आपण नागपूरकर नेमके शुक्रवारीच तिथे पोचतो, कारण गाडी. नागपूर–मडगाव स्पेशल आम्ही गेलो तेव्हा बुधवारी आणि शनिवारी सुटत होती. बुधवारची धरली की गुरुवारी संध्याकाळी उतरायचं, रात्री अंग टाकायचं आणि सकाळी अंघोळपांघोळ करून उत्साहाने जायचं ते थेट कुलपासमोर. आमचं तसंच झालं. आई म्हणाली, "आता काहून उभी आहेस? दुसरं काही पाहू ना." तिचं बरोबर होतं. शनिवारची गाडी घेतली तर सोमवार हाती लागतो, ते जास्त सोयीचं.

तिकीट काढताना करमाळीचं काढा. जुन्या गोव्याला तेच स्टेशन जवळ. आम्ही मडगावपर्यंत काढलं आणि मग तेवढंच अंतर उलटं आलो, ते पैसे वाया गेले. आम्ही पणजीत राहिलो. कदंब बसस्टँडवरून जुन्या गोव्याच्या बस सारख्या सुटतात, साधारण दहा किलोमीटर. टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा बस बरी. गाडीत चोवीस तासांच्या वर जातात, तेव्हा तिखट पुऱ्या आणि सुका झुणका घरूनच न्या. कोकणात बोगदे सुरू झाले की पुस्तक वाचता येत नाही, झोपच काढावी.

आम्ही नागपुरात सदरला राहतो. दोन-दोन कॅथेड्रल घराजवळ, नाताळात तिकडचे दिवे पाहायला दरवर्षी जातो, पण चर्च हे आमच्यासाठी बाहेरून पाहायचं. आत कलेचं, इतिहासाचं प्रदर्शन असू शकतं हे आईच्या गावीही नव्हतं. आईचे बाबा इतवारीत सुतारकाम करायचे. हे इथे सांगते कारण पुढचे तीन दिवस आम्ही गोवा त्यांच्याच डोळ्यांनी पाहिला.

शुक्रवारी आधी बॉम जेझूसचं चर्च. काम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये पूर्ण होऊन अर्पण झालं. जांभ्या दगडाची भिंत आज उघडीच आहे. वरचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला. सगळे सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या धर्मप्रसारकाच्या शवपेटीखाली गर्दी करतात. शवपेटी चांदीची, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली, आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आलेला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो भेट दिला, फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराने दहा वर्षं खपून केला आणि १६९८ मध्ये इथे बसवला. शवाचं सार्वजनिक दर्शन दर दहा वर्षांनी असतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. त्या काळात प्रदर्शन म्हणून काही पाहायचं असेल तर विसरा. ३ डिसेंबरच्या फेस्तच्या, म्हणजे झेवियरच्या सणाच्या, आधीचे नऊ दिवसही तसेच. गुडघ्यावरचे कपडे, बिनबाह्यांचे कपडे टाळा, दारावरून परत पाठवतात.

आई मात्र शवपेटीकडे फार वेळ थांबलीच नाही. ती डाव्या-उजव्या भिंतींकडे बघत व्यासपीठापाशी गेली, पाद्री उभा राहून उपदेश करतो त्या उंच जागेपाशी. लाकडी, कोरीव, आणि खालच्या टोकाला आकृत्या अशा की सगळा भार त्यांच्याच डोक्यावर आहे. गोव्याच्या बऱ्याच जुन्या व्यासपीठांखाली नागिणी कोरलेल्या असतात, वर बाई आणि खाली नाग. ते मी वाचून गेले होते. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय, सुताराला जे येतं तेच तो करणार ना बापा. पाद्र्याने देवदूत सांगितला असेल, यानं जे आजवर कोरलं होतं ते कोरलं." मी चार लेख वाचून जे समजून घेतलं होतं ते तिने एका दमात सांगून टाकलं. वरच्या मजल्यावर डॉम मार्टिन यांच्या चित्रांचं दालन आहे. आधुनिक, गडद चित्रं. मला आवडली, आईने पंख्याखाली बसून घेतलं.

दुपारी चढ चढून सांता मोनिका. जुना नन लोकांचा मठ, १६०६ ते १६२७ मध्ये बांधलेली. समोर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा ४६ मीटर उंच मोडका मनोरा आहे. छत १८४२ मध्ये कोसळलं. ऊन असेल तर मनोरा आधी करा, मग आत शिरा. सांता मोनिकामधलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय हे या सगळ्या सहलीचं खरं कारण. हे मूळ १९९४ मध्ये राचोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. गाभारा, छत, जाड भिंती सगळं जुन्या मठाचं, आणि मध्ये काचेच्या पेट्या. हस्तिदंताच्या मूर्ती, चांदीची भांडी, पाद्र्याचे जरीचे झगे. यातला एक चांदीचा पक्षी सोडू नका. खाली जाळीचा गोल, वर पेलिकन, जो चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी ख्रिस्ती कथा. आई पाच मिनिटं पाहून राहिली आणि म्हणाली, "हा तर हंस आहे." मान बघितली की मलाही तसंच वाटतं. ज्या सोनाराने तो घडवला त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा कोणता पक्षी असणार?

पुढे एका लाकडी देवदूताभोवती आई गोल फिरली. समोरून गाल गुळगुळीत, केसांच्या वळ्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. पाठीमागे मात्र सगळं ओबडधोबड, पटाशीचे घाव तसेच. "भिंतीला टेकवायचा होता ना," आई म्हणाली, "मग मागून कशाला मेहनत? बाबा पण असंच करायचे, कपाटाची पाठ कधी रंधायचे नाहीत." तिने हात पुढे केला आणि राखणदार बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. हात लावायचा नाही, हे लक्षात ठेवा. या एका संग्रहालयाला दीड-दोन तास द्या. वेळ मात्र निघण्याआधी फोन करून विचारा.

शनिवारी पुन्हा बस. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये शिरताना पाय जपून. खालची फरशी म्हणजे थडग्यांचे दगड आहेत, घराण्यांची चिन्हं कोरलेले. शेजारच्या मठात १९६४ पासून संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची साठेक पूर्णाकृती चित्रं ओळीने टांगलेली. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने हे काम सुरू करवलं, इतिहासकार गास्पार कोर्रैया याची देखरेख आणि हात इथल्याच चित्रकाराचा. नंतर इतकी डागडुजी झाली की काही चेहरे भावाभावांसारखे दिसतात. दहा चित्रांनंतर कंटाळा येतो. प्रामाणिकपणे सांगते, पंधराव्या साहेबानंतर मी फक्त चपला बघत होते.

खाली वीरगळ आणि सतीशिळा आहेत, कदंब राजांच्या काळातल्या. तिथे आई एकदम घरची झाली. तिच्या माहेरी मारुतीच्या मागे असाच एक दगड आहे, त्याला सगळे नुसता शेंदूर लावतात. मी फलक वाचून मराठीत सांगत होते, इथे तिनेच मला सांगितलं : खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत स्वर्गात नेणाऱ्या बाया, वर पिंडीची पूजा. मठातल्या कमानीखाली, कॅमोइश या पोर्तुगीज कवीच्या पुतळ्यापासून काही पावलांवर.

समोरचं से कॅथेड्रल भव्य आहे, आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक. बांधकाम १५६२ ते १६१९. उत्तरेचा मनोरा १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. आम्ही अर्ध्या तासात उरकलं, पाय बोलत होते. तुम्ही उलट्या क्रमाने करा : सकाळी से, मग फ्रान्सिस, संग्रहालय शेवटी, कारण तिथे बसायला सावली आहे. सगळं एका दिवसात कोंबू नका. रविवारी सकाळी मिस्सा असते, तेव्हा प्रार्थनेला येणाऱ्यांच्या मध्ये मोबाइल घेऊन फिरू नका. आम्ही रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत निघालो.

परतल्यावर पुढच्याच रविवारी आई म्हणाली, आपल्या सदरच्या ऑल सेंट्सला जाऊन येऊ. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना इथेच झाली, २९ नोव्हेंबर १९७०, सहा वेगवेगळी चर्च एक झाली तेव्हा. इतकी वर्षं समोरून जात होतो. प्रार्थना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबलो, मग विचारून आत गेलो. आई शेवटच्या बाकावर बसली, इकडेतिकडे पाहिलं, आणि बाकाच्या खालच्या बाजूला हळूच हात फिरवला.

"याला रंधा मारलाय," ती म्हणाली. "खालून पण."