चीनमधून दत्तक गेलेल्या मुली: फाइल वाचताना

चीनमधून परदेशी दत्तक गेलेल्या मुलींच्या फायलीत बहुधा एवढंच असतं: अमुक फाटकाशी बाळ सापडलं, आईवडिलांचा ठावठिकाणा नाही. त्यावरून ‘मुलगी नको म्हणून टाकली’ हा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. मुलगाच हवा हा हट्ट होताच. पण सरकारच्या एक-अपत्य धोरणात अनेक ग्रामीण भागांत पहिली मुलगी झाली तरच दुसऱ्या अपत्याला परवानगी मिळे, त्यामुळे गदा यायची ती बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या मुलीवर. शिवाय १९९२ पासून लागू झालेल्या चीनच्या दत्तक कायद्यात दत्तक घेणाऱ्याचं वय किमान ३५ आणि त्याला अपत्य नसावं, अशी सर्वसाधारण अट होती. घरात मुलगे असलेले, मुलगी आनंदाने वाढवायला तयार असलेले गावकरी तिथेच बाद झाले. याची मला फार चीड येते.

जन्मकुटुंब शोधताना फायलीतली जन्मतारीख अंदाजाची समजा. पुष्कळदा ती नाळेकडे पाहून ठरवलेली असते. सापडल्याची जागाही पडताळून घ्या: हूनान प्रांतातल्या काही अनाथालयांनी बाळं विकत घेऊन कागद रंगवल्याचं २००५ मध्ये उघडकीस आलं. वर्तमानपत्रातली शोधजाहिरात, म्हणजे बाळ सापडल्यावर आईवडिलांच्या शोधासाठी छापलेली सूचना, मिळवा. तिच्यात बाळाचा फायलीपेक्षा जुना फोटो असू शकतो. डीएनए नमुना फक्त अमेरिकी कंपनीला देऊन भागत नाही, कारण चिनी खेड्यातले आईवडील त्या यादीत क्वचितच असतात. चीनमधल्या नोंदीतही तो जायला हवा.

२०२४ मध्ये चीनने, जवळच्या नात्यातली दत्तकं वगळता, परदेशी दत्तक बंद केलं.