वाफ, चष्मा आणि दीड तासाचं गणित

रात्रीचे दहा. पाय बोलतायत आणि जॅकेटला अजून सडक्या अंड्यांचा वास आहे. हायड्रोजन सल्फाइड. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात दोन दिवस झाले, आता तो वास यायचाही थांबलाय.

सकाळचा शहाणपणा नडला. गर्दी नको म्हणून उजाडताच ग्रँड प्रिझमॅटिक हे गरम पाण्याचं रंगीत कुंड गाठलं. गारठ्यात कुंडावर नुसती वाफ! लाकडी फळ्यांच्या वाटेवर मी, धुरकटलेला चष्मा आणि समोर पांढरा पडदा. दुपारी ऊन तापल्यावर फेअरी फॉल्सच्या वाटेवरच्या टेकाडावर चढलो, तेव्हा कुठे ते दिसलं. मध्ये गडद निळं, कारण तिथलं पाणी इतकं कढत की रंगीत काही तगत नाही. कडेला पाणी निवत जातं तसे पिवळे, केशरी, तांबूस पट्टे. ते रंग सगळे सूक्ष्मजीवांचे. 1966 साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना याच परिसरातल्या एका झऱ्यात थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू मिळाला. पीसीआर चाचणीत वापरतात ते उष्णता सोसणारं विकर (एन्झाइम) त्याचंच. कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेताना हे कुठे ठाऊक होतं!

ओल्ड फेथफुल या गीझरला, म्हणजे जमिनीतून थांबून थांबून उडणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्याला, मात्र मी जरा खट्टू झालो. गीझर म्हटलं की मला आधी बाथरूमच आठवतं, त्यामुळे अपेक्षा तरी काय असावी? पण दोन मिनिटांच्या आतच कारंजं बसलं. शेजारी उभ्या रेंजरबाई म्हणाल्या, "छोटा झाला ना, मग पुढचा लवकर होईल." उद्रेक लांबला तर पुढच्यासाठी दीड तास थांबायचं, आटोपता झाला तर तासाभराच्या आसपास. जमिनीखालची नळी जेवढी रिकामी होते, तेवढा वेळ ती भरायला आणि तापायला लागतो. नळी मध्येच अरुंद आहे. वरच्या पाण्याच्या वजनाखाली तळचं पाणी उकळबिंदू ओलांडूनही उकळत नाही. थोडं पाणी बाहेर सांडलं की भार हलका होतो, काही पाण्याची एकदम वाफ होते आणि ती उरलेलं पाणी वर फेकते.

थांबलो मग. दुसरा चांगला चार मिनिटं चालला. फोटो एकही धड आला नाही, त्याचं काही वाटलंही नाही.

संध्याकाळी मॉर्निंग ग्लोरी. हे कुंड पूर्वी काठापर्यंत निळं होतं म्हणे. लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकून खालची तोंडं बुजवली, पाणी निवलं, आणि आता पिवळा-केशरी रंग आत सरकत आलाय. सुंदर दिसतं, हाच त्रास आहे. फोटो काढताना अपराधी वाटलं, तरी काढले.

उद्या इथलाच नॉरिस हा गीझरांचा भाग. तिथला स्टीमबोट गीझर कधी कधी 300 फुटांच्या वर उडतो, पण कोणत्या दिवशी ते कुणालाच सांगता येत नाही. डबा सोबत घेतलेला बरा.